दवाखान्यातील संगणक आणि प्रोसेसरची पिढी

वैद्यकीय व्यवसायात संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रुग्णांच्या नोंदी, औषधांचा साठा, देयके, सोनोग्राफीच्या प्रतिमा, क्षयरुग्णांची 'निक्षय' प्रणालीवरील नोंद, रुग्णास उटनूरला किंवा आदिलाबादच्या रिम्समध्ये पाठविताना सोबत द्यावयाचा तपशील, ही सारी कामे नार्नूरसारख्या मंडळाच्या गावीही संगणकावाचून अडू लागली आहेत. असे असूनही रक्तदाबमापक घेताना आपण जितकी चौकशी करतो, तितकी संगणक घेताना करीत नाही. दुकानदार म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आय सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या," आणि आपण खरोखरच डोळे झाकून घेतो. 'आय थ्री' की 'आय सेव्हन' हा प्रश्न वस्तुतः दुय्यम आहे. प्रोसेसर कितव्या पिढीचा, हे आधी विचारावयास हवे. त्यामागील कारण वेगाचे कमी आणि रुग्णांच्या नोंदींच्या सुरक्षिततेचे अधिक आहे, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेले अतिसूक्ष्म विद्युत-कळांचे जाळे. या कळांना ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ साली इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या '४००४' या तिच्या पहिल्या प्रोसेसर-चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकात '८०८८' वापरली आणि त्यानंतर २८६, ३८६, ४८६ अशा आकड्यांनीच पिढ्या ओळखल्या जाऊ लागल्या. नुसत्या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही असे न्यायालयात ठरल्याने १९९३ च्या पाचव्या पिढीला 'पेंटियम' असे नाव देण्यात आले. तीत सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. या पेंटियमच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पुढे ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी १९९६ मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने विकत घेतली, आणि १९९७ साली आलेल्या एएमडीच्या 'के ६' प्रोसेसरमागेही धामांचा हात होता. म्हणजे ज्या दोन कंपन्यांपैकी एकीची निवड करताना आपण आज गोंधळतो, त्या दोन्हींच्या इतिहासात या एकाच पुणेकराचे नाव येते. २०२५ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

असो. पिढीचे महत्त्व कळण्यासाठी आधी 'गिगाहर्ट्झ' या शब्दाचा भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. हा भ्रम वैद्यकीय वाचकास समजावून सांगणे सोपे आहे. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या नाडीचे ठोके. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोके. परंतु हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे केवळ ठोक्यांवरून ठरत नाही. ठोक्यांच्या संख्येला प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या प्रमाणाने गुणावे लागते. कसलेल्या धावपटूची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला पन्नास असते आणि तरीही त्याचे हृदय अशक्त आहे असे आपण म्हणत नाही. उलट नाडी दीडशेवर गेली म्हणून रक्तपुरवठा उत्तम झाला, असेही समजत नाही. प्रोसेसरचे नेमके हेच आहे. एका ठोक्यात तो किती काम उरकतो, ही त्याची खरी ताकद असून ती प्रत्येक खऱ्याखुऱ्या नव्या पिढीत वाढते.

नोव्हेंबर २००० मध्ये आलेला पेंटियम फोर हे या बाबतीतील उत्तम उदाहरण. जाहिरातीत ठोके मोठे दिसावेत अशीच त्याची रचना होती. प्रत्येक ठोक्यात होणारे काम मात्र कमी होते. ठोके वाढवीत नेता नेता तो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला, परंतु उष्णता इतकी वाढली की चार गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसर ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलला रद्द करावा लागला. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तो टॅकिकार्डियाचा रुग्ण होता, आणि त्याला तापही होता. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओने रचनाच बदलली. त्यातील २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.८ च्या पेंटियम फोरला सहज मागे टाकीत असे, आणि तेही कमी वीज खाऊन.

आजच्या 'आय थ्री', 'आय फाइव्ह', 'आय सेव्हन' या नावांचा उगम २००८ ते २०१० या काळातला. ही नावे म्हणजे एकाच पिढीतील भावंडांची श्रेणी होय. धाकटा, मधला, थोरला, इतकाच त्यांचा अर्थ. आजोबा आणि नातू यांची तुलना या नावांवरून करता येत नाही. ती करावयाची तर नावापुढील क्रमांक पाहावा लागतो. 'आय ५-४५७०' यातील पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी, साल २०१३. 'आय ५-८४००' आठव्या पिढीचा. क्रमांक पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात. 'आय ३-१२१००' म्हणजे बारावी पिढी. एवढे एक वाचता आले तरी दुकानात निम्मी फसवणूक टळते. मात्र खोक्यावरील चिकटपट्टीवर विसंबू नये, ती बदलता येते. संगणक सुरू करून 'धिस पीसी'वर उजवी कळ दाबावी व 'प्रॉपर्टीज'मध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव स्वतः वाचावे.

आता 'आय सेव्हन'च्या मोहाचा विचार करू. २०१३ च्या 'आय ७-४७७०' मध्ये चार कोअर, म्हणजे एकाच चिपमध्ये चार कामकरी मेंदू असून ते एका वेळी आठ धाग्यांवर काम करतात. २०२२ च्या आरंभी आलेल्या 'आय ३-१२१००' मध्येही चारच कोअर आणि आठच धागे. गिगाहर्ट्झमध्येही दोघांत फारसे अंतर नाही. कागदावर जुळी भावंडे वाटावीत. प्रत्यक्षात धाकट्या श्रेणीचा हा नवा प्रोसेसर थोरल्या श्रेणीच्या जुन्यास ठळकपणे मागे टाकतो. विजेची नेमून दिलेली मूळ मर्यादाही जुन्याची ८४ वॅट तर नव्याची ६० वॅट. नाडी तीच, प्रत्येक ठोक्याचे काम मात्र मोठे. तरीही आदिलाबाद, नागपूर किंवा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये मोठ्या कार्यालयांतून उतरविलेले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे 'आय सेव्हन' संगणक पुसूनपासून मांडलेले असतात आणि 'आय सेव्हन' या दोन शब्दांवरच ते खपतात.

पिढीचा आकडा वाढला म्हणजे प्रत्येक वेळी रचना बदललीच, असे मात्र नाही. २०१५ च्या सहाव्या पिढीपासून २०२० च्या दहाव्या पिढीपर्यंत इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधील कोअरची मूळ रचना एकच होती. कोअरची संख्या वाढली, ठोके वाढले, परंतु प्रत्येक ठोक्यातील काम जवळपास तेच राहिले. खरा बदल दिसला तो ऑक्टोबर २०१७ मध्ये, आठव्या पिढीत. सातव्या पिढीपर्यंत 'आय थ्री' दोन कोअरचा होता, तो चारचा झाला, आणि 'आय फाइव्ह' चारवरून सहावर गेला. एएमडीने मार्च २०१७ मध्ये रायझन आणल्यावर इंटेलला ही उदारता सुचली, हे सांगावयास नकोच. तीच कथा बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीच्या 'आय थ्री'ची. आत वस्तू एकच, ठोके प्रत्येक वेळी किंचित वाढविलेले. तेव्हा बारावा स्वस्त मिळत असेल तर चौदाव्यासाठी जादा पैसे मोजण्यात शहाणपण नाही.

येथे जाणकार वाचक विचारील, की सहावी ते दहावी पिढी आतून एकच, तर मग सातवा घेतला काय आणि आठवा घेतला काय, औषधांच्या देयकाला काय फरक पडतो? वेगाच्या दृष्टीने फारसा पडत नाही. फरक पडतो तो कार्यप्रणालीमुळे. विंडोज १० चे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदत दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठरविली. पुढची पायरी विंडोज ११. ती अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलची आठवी किंवा त्यानंतरची पिढी, अथवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतील वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. नियमाला थोडे अपवाद आहेत, पण ते आपल्या दुकानांत सहसा दिसत नाहीत. शिवाय 'टीपीएम २.०' ही गुप्तकिल्ली जपणारी सोय सुरू असावी लागते. आठव्या पिढीपासूनच्या संगणकांत ती बहुधा असतेच, पण पुष्कळदा बायोसमध्ये बंद ठेवलेली आढळते आणि दुकानदार "हा संगणक चालणार नाही, नवा घ्या" म्हणून मोकळा होतो. ती सुरू करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

यात सातव्या पिढीची अवस्था मोठी चमत्कारिक झाली आहे. तिच्यासाठी जुनी विंडोज ७ चालविण्यास मायक्रोसॉफ्टने अधिकृत आधार दिला नाही, आणि विंडोज ११ ने तिला दारातच अडविले. म्हणजे जानेवारी २०१७ मध्ये डेस्कटॉपवर आलेली ही पिढी विंडोज १० बरोबर जगली आणि तिच्याबरोबरच निवृत्त झाली. जुन्या बाजारात ती स्वस्त दिसते याचे कारण हेच. अनधिकृत मार्गाने विंडोज ११ बसवून देणारे तंत्रज्ञ भेटतात. घरी मुलांच्या अभ्यासासाठी तसे केले तर समजू शकते, परंतु रुग्णांच्या नोंदी असलेल्या यंत्रावर ते करू नये. पुढील सुधारणा मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट त्या यंत्रांना देत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातील संगणकांवर तर २०२४ च्या अखेरीस आलेली विंडोज ११ ची आवृत्ती सुरूही होत नाही, कारण तिला हव्या असलेल्या काही आज्ञा त्या प्रोसेसरला मुळातच ठाऊक नाहीत.

सुरक्षा-साहाय्य संपणे म्हणजे काय, हे रुग्णालयांच्या उदाहरणांवरून पाहणे बरे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना हजारो भेटी व काही शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, आणि इकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही बाधित झाले. ज्या छिद्रातून तो शिरला, त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती बसविलेली नव्हती, इतकेच. ज्या संगणकाचे साहाय्य संपले, त्याला दुरुस्ती सामान्यतः येतच नाही. म्हणजे लस निघणेच बंद झालेल्या रोगाच्या साथीत तो उघडा उभा असतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य संस्थेला अनेक दिवस नोंदणीपासून तपासणी-अहवालांपर्यंत सारे कागदावर करावे लागले. तेथे जाळ्याची विभागणी नीट नव्हती, असे चौकशीत पुढे आले. या मुद्द्याकडे पुन्हा येऊच. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. रुग्णाची माहिती जपण्यासाठी वाजवी सुरक्षा ठेवणे ही ती माहिती बाळगणाऱ्याची जबाबदारी असे तो कायदा सांगतो. आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या गर्भारपणाची, क्षयाची, मनोविकाराची नोंद एकाच खोक्यात पडलेली असते आणि ते खोके इंटरनेटला जोडलेले असते. प्रोसेसरची पिढी येथे वैद्यकीय नीतीचा विषय होते.

आता अडचणीची बाजू. अनेक दवाखान्यांत ईसीजी, क्ष-किरण किंवा प्रयोगशाळेतील यंत्र जुन्या संगणकाला जोडलेले असते. त्याची आज्ञावली विंडोज एक्सपी किंवा ७ साठी लिहिलेली, जोडणी जुन्या सिरियल पोर्टमधून किंवा पीसीआय खाचेतील कार्डामधून. नव्या मदरबोर्डवर ती खाच बहुधा नसते, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटांची असल्याने ३२ बिटांचे जुने ड्रायव्हर तीवर चढत नाहीत. अशा वेळी चांगले चालणारे यंत्र भंगारात काढण्याची गरज नाही. तो जुना संगणक त्या यंत्रापुरताच ठेवावा. मात्र त्याची इंटरनेटची व दवाखान्याच्या जाळ्याची तार कायमची काढून टाकावी, आणि अहवाल कागदावर छापून घ्यावेत. पेन ड्राइव्हने फाइल नेणे भाग असेल तर तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कोणत्याही कामास वापरू नये. संसर्गजन्य रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवण्याइतके हे साधे आहे, आणि एम्सच्या प्रकरणात नेमकी याच गोष्टीची उणीव होती.

कार्यप्रणालीचा आणखी एक पैलू आपल्या गावाच्या दृष्टीने विशेष आहे. आपल्या रुग्णांपैकी कोणी मराठी बोलतो, कोणी तेलुगू, कोणी गोंडी, कोणी लंबाडी. सरकारी कागद तेलुगूत, घरातील बोलणे मराठीत. पूर्वी मराठी टंकलेखनासाठी प्रत्येकाचा आपला फाँट असे आणि एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. त्या फाँटांत अडकलेल्या जुन्या नोंदींमुळेच काही मंडळी जुना संगणक सोडावयास तयार नसतात. त्यांनी नोंदी एकदाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. याच नार्नूर मंडळातील गुंजाला गावी गोंडी लिपीची जुनी हस्तलिखिते मिळाली, 'गुंजाला गोंडी' या नावाने ती लिपी विद्वानांसमोर आली, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले. विंडोज एक्सपी निघाली त्या वेळी संगणकाच्या लेखी ही लिपी अस्तित्वातच नव्हती. आज तिचा 'नोटो' फाँट विनामूल्य उपलब्ध आहे. आपल्या शेजारच्या गावचे नाव जगभरच्या युनिकोड तक्त्यात छापलेले आहे, याचा आपल्यापैकी कितीजणांना पत्ता असेल?

प्रत्यक्ष खरेदीबद्दल थोडे. नवा संगणक घ्यावयाचा असेल तर साध्या दवाखान्यास इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचा 'आय थ्री' पुरेसा आहे. सोनोग्राफीच्या प्रतिमा व एकाच वेळी दोन-तीन आज्ञावल्या चालत असतील तर 'आय फाइव्ह' घ्यावा. तेराव्या व चौदाव्या पिढीच्या वरच्या श्रेणीतील काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. इंटेलने दुरुस्ती दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. असा संगणक कोणी घेतला असेल तर बायोस अद्ययावत करून घ्यावा. क्रमांकाच्या शेवटच्या अक्षराकडेही लक्ष असावे. 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्सची सोय नसते, वेगळे कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. 'के' महागडा असतो आणि आपल्या कामास निरर्थक. 'टी' कमी विजेवर चालतो. टिफिनच्या डब्याएवढ्या लहान संगणकांत तोच बहुधा असतो, आणि साध्या कामात असा संगणक जेमतेम पंधरा-वीस वॅट वीज घेतो. पावसाळ्यात वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्यांनी हा पर्याय अवश्य पाहावा.

एएमडीत 'रायझन ५ ५६०० जी' हा ग्राफिक्ससह येणारा प्रोसेसर मध्यम दवाखान्यास उत्तम. एएमडीचा एक गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. २०१७ मध्ये रायझनबरोबर रुळलेली 'एएम ४' ही बैठक त्यांनी इतकी वर्षे टिकविली की त्या काळातील अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२० नंतरचा प्रोसेसर बसविता येतो. इंटेल मात्र साधारण दर दोन पिढ्यांनी बैठक बदलते आणि प्रोसेसरबरोबर मदरबोर्डही घ्यावयास लावते. आठव्या पिढीची बैठक तर दिसावयास सातव्यासारखीच, परंतु सातव्याच्या मदरबोर्डवर आठवा चालत नाही. तो प्रयोग कोणी करू नये.

जुनाच घ्यावयाचा तर आठवी पिढी ही किमान रेषा समजावी, दहावी मिळाल्यास उत्तम. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नसावी. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढल्यामुळे दुकानदार येथेच हात आखडता घेतात. आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असलीच पाहिजे. पुष्कळांना संगणक मंद वाटतो तो प्रोसेसरमुळे नसून डिस्कमुळे. आधीच घरात आठवी वा नववी पिढी असेल तर नवा संगणक घेण्याऐवजी एसएसडी बसवावी, टीपीएम सुरू करावा आणि विंडोज ११ घालावी. त्याहून जुना संगणक फेकण्यापूर्वी त्यावर उबुंटू बसवून पाहावा. एप्रिल २०२४ च्या आवृत्तीला पाच वर्षे विनामूल्य सुरक्षा-साहाय्य आहे. वाचनालयास किंवा मुलांच्या अभ्यासास तो चांगला चालतो.

जुना संगणक विकताना किंवा देऊन टाकताना त्यातील डिस्क मात्र काढून घ्यावी. फाइल पुसल्या म्हणजे त्या गेल्या असे नसते, सामान्य आज्ञावलीनेही त्या परत मिळविता येतात. डिस्क पुन्हा वापरावयाची नसेल तर तिला ड्रिलने आरपार दोन-चार भोके पाडावीत. एसएसडी असेल तर तिच्या आतील प्रत्येक चिप फुटली पाहिजे. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे द्यावा. गल्लीतील भंगारवाल्याकडे गेलेले मदरबोर्ड तांब्यासाठी उघड्यावर जाळले जातात, आणि त्या धुरातील शिसे काय करते हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे.